नाचाचे सव्वीस शब्द

आखातातल्या शुवैख बंदरावरच्या एका ऑफिसात हारून परकार टायपिस्ट होता, आणि तीन वर्षांत त्याला घरी जायला रजा मिळाली नव्हती. तो रत्नागिरीहून निघाला तेव्हा धाकटी नूरी पोटात होती. अजून बापाचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. रजेचा अर्ज महिनाभर साहेबांच्या टेबलावर पडून होता. साहेब आयरिश. माणूस वाईट नव्हे हो, पण सहीचं नाव काढलं की त्यांना भलतंच काहीतरी आठवायचं.

या खेपेला नाच आठवला. क्लबातल्या मंडळींना आयरिश नाच शिकवायचा म्हणून त्यांनी त्या भाषेतले नाचाचे सव्वीस शब्द टाइप करायला दिले. रिंके म्हणजे नाच, दाउसा म्हणजेही नाच, रिंक्योर म्हणजे नाचणारा, क्येम म्हणजे पाऊल.

"एका नाचाला दोन-दोन शब्द!" हारून कावला. "इथं मला उभं राहायचं त्राण नाय, अब्बासभाय."

"अरे, पाठ कर," शेजारच्या टेबलावरून अब्बास म्हणाला. "मदरशात छडीच्या धाकानं काय काय पाठ केलंस! म्हणून दाखव, साहेब खूश. सही झालीच समज."

हारूनला पटलं. मदरशातल्यासारखा डुलत डुलत तो आठ दिवस घोकत राहिला. जेवताना रिंके, कपडे धुताना दाउसा. आणि गुरुवारी साहेबांपुढे उभा राहून त्यानं सव्वीसच्या सव्वीस धडाधड म्हटले.

साहेबांचा पाइप हातातच राहिला. "पुन्हा म्हण." त्यानं म्हटले. "जरा सावकाश." सावकाश म्हटले. चौथ्या वेळी साहेबांचे डोळे भरून आले.

"माझी आई स्वयंपाकघरात नाचायची, हारून. तिच्यानंतर हे शब्द कुणी माझ्यापुढे बोललंच नाही."

मग रोज चहाच्या वेळी हारूनला बोलावणं. बिचाऱ्याचा घसा बसला, पण गडी चिवट. पंधरवड्यानं साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि अर्जावर काहीतरी लिहून कागद हातात दिला. हारून बाहेर येऊन मटकन बसला.

"झाली सही?" अब्बासनं विचारलं.

"झाली. त्यांच्या रजेवर."

"त्यांच्या?"

"माझं ऐकून त्यांना घरची ओढ लागली. चार महिने आयर्लंडला चाललेत. माझ्या अर्जावर लिवलंय, असा माणूस हापिसात आहे म्हणूनच मी निर्धास्त जातो."

हारून सुस्कारा टाकून घोटभर पाणी प्यायला आणि पुन्हा उठला.

"आता कुठं?"

"आत. जाण्याआधी एकदा शेवटचं म्हणून दाखव म्हणतायत."