चिपरची मोहीम व थोरल्या साडूंची दाढ

ज्यांनी दर्या ओलांडिला, ज्यांनी तख्ते उलथिली, ज्यांनी अभेद्य किल्ले हां हां म्हणता घेतले, त्यांच्या हकीकती लिहिणारे पुष्कळ जाहले, आणि त्यांस वस्त्रे व इनामेही पावली. परंतु हिरवळीच्या काठावर, भरदिवसा, वारा पडला असता, गनीम कोठे नसता, चेंडू केवळ पुढे ढकलावयाचा असता ज्यांचे हात लटपटले, त्यांची दाद कोणी घेतली नाही. ते दुःख सोसणारांनी घरी सांगितले नाही, आणि सांगितले तरी घरच्यांनी ऐकिले नाही. सबब ही हकीकत, जैसी घडली तैसी, पदरचे मीठ बेताने घालोन, लिहिली असे.

वर्तमान ऐसे जे, एके गोल्फ क्लबात एक दंतवैद्य होते. समस्त क्लब त्यांस डॉक्टर म्हणे. सुरत भारदस्त, बोलणे मवाळ, हात हलका ऐसा लौकिक. मोठमोठे मातबर त्यांचे खुर्चीत पडोन आ वासते जाहले होते. क्लबातले निम्मे सभासद आपले रुग्ण आहेत आणि उरले निम्मे गोड खाऊन होतील, ऐसा मनसुबा करोनच डॉक्टरांनी सभासदत्व घेतले. खेळाची गोडी मागाहून लागली, आणि अनर्थ तेथूनच उपजला.

कारण की, डॉक्टर लांबचा पल्ला मर्दुमकीने मारीत. चेंडू ढगांस शिवोन नेमका मैदानी पडे आणि पाहणारे वाहवा म्हणत. परंतु ग्रीन म्हणोन जी होलाभोवतीची, म्हणजे चेंडू पाडावयाच्या खळग्याभोवतीची, बारीक कातरलेली हिरवळ, तिचे काठाशी आले, आणि चेंडू अलगद उचलोन होलाकडे सोडावयाचा, ज्यास चिप म्हणतात, तो नाजूक प्रसंग आला, की डॉक्टरांचे उजवे मनगटास ऐसा झटका येई की वेज म्हणजे तिरप्या पात्याची काठी चेंडूआधी भुईत रुते, आणि माती उडे आणि चेंडू जागीच राही. नाहीतर पात्याची धार चेंडूचे माथी बसे आणि चेंडू सणसणत ग्रीन ओलांडोन पलीकडे वाळूच्या खड्ड्यात दाखल होई. मग डॉक्टर पलीकडे जात आणि तोच चेंडू अलीकडे येई. ऐसी त्यांची ग्रीनभोवती गस्त चाले, आणि सोबतची मंडळी अदबीने आकाश पाहत उभी राहत.

आकाश पाहत, हा दरबारी रिवाज जाहला. खरे पाहता कोणी आकाश पाहत नव्हते आणि कोणी चेंडूही पाहत नव्हते. सारे तो हात पाहत होते, आणि जिभेने आपापल्या दाढा चाचपत होते.

क्लबाचे कप्तान म्हणजे डॉक्टरांचे थोरले साडू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी ज्या बाईसाहेब, त्यांचे वडील बहिणीचे यजमान. विमा कंपनीत मोठे हुद्दे भोगोन निवृत्त जाहलेले, आवाज खर्जातला, आणि खेळाचे पावित्र्य राखण्याचा मक्ता आपणांकडे आहे ऐसी खातरजमा. त्यांचे बॅगेत अंतर मोजणारी दुर्बीण, वारा सांगणारे घड्याळ, भोपळ्याएवढे डोक्याचा ड्रायव्हर म्हणोन लांब पल्ल्याचा दांडा, चार जातींची चार वेजे, आणि बोटे गरम राखणारे हातमोजे. हा अवघा सरंजाम विज्ञान म्हणोन गणला जाई. चिपर मात्र, म्हणजे ग्रीनच्या काठावरील त्या एकाच कामासाठी घडविलेली आखूड, बोजड, आणि पटर म्हणोन जी चेंडू होलात ढकलावयाची काठी, तिच्यासारखी काठी, तिचे नाव निघता ते नाक मुरडीत. त्यांचे फर्मान ऐसे की, चिपर ही लंगड्याची कुबडी आहे, अस्सल खेळाडूने वेज घ्यावे आणि कला दाखवावी, आणि ज्यास कला नाही त्याने घरी पत्ते खेळावे. तात्पर्य, जे महाग ते विज्ञान आणि जे उपयोगी ते लाजिरवाणे, हा क्लबाचा कायदा कोठे लिहिलेला नव्हता, म्हणोनच तो कोणी मोडीत नव्हता.

आता दैवयोग ऐसा की, त्याच कप्तानांची वरची डावी दाढ किडली आणि बंड करोन उठली. गाल टरारला. डॉक्टरांनी तपासोन सांगितले की काढावी लागेल. कप्तान बरे म्हणाले आणि दुसरे दिवशी क्लबाचे बैठकीत, भरसभेत, सुजला गाल धरोन बोलिले, "नवव्या होलला पाहिला ना तुम्ही त्यांचा हात? तो हात चिमटा घेऊन माझ्या तोंडात? नको रे बाबा. साडू झाला म्हणून काय जबडा द्यायचा?"

सभा खो खो हसली. आणि हसता हसता भ्याली.

मग दवाखान्यावर जे संकट कोसळले ते काय वर्णावे. पुढले टेबलाशी बाईसाहेब बसोन वेळा देत, आणि त्याच बाईसाहेब आता वेळा खोडत बसल्या. एक म्हणे परगावी जातो, एक म्हणे दुखणे आपोआप थांबले, एक निवृत्त न्यायाधीश म्हणाले की दाताशी तडजोड जाहली आहे. बाहेरल्या खोलीत मासिके सरळ रचलेली तशीच सरळ राहिली. माशांच्या काचपेटीतले मासेही माणूस दिसेना म्हणोन काचेशी येऊन डोकावू लागले. डॉक्टर आत हत्यारे उकळीत, आणि गार जाहली की पुन्हा उकळीत.

ते दिवशी जेवणाचे मेजावर खलबत जाहले.

"अहो, परवापासून एकही दात आला नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "ताईचा फोन होता. भाऊजी गोळ्या खाऊन झोपतात आणि तुमच्या हाताच्या नकला करतात म्हणे."

"दवाखान्यात कधी थरथरला माझा हात? सांग ना!"

"मला माहितीये हो. त्यांना कुठे माहितीये? मग ती दुसरी काठी का घेत नाही तुम्ही, ती सोपी?"

"लोक हसतील."

"आत्ता काय रडतायत?" आणि पोळी ताटात टाकीत बाईसाहेबांनी तो मुद्दा काढिला ज्यावर पुढची अवघी मोहीम उभी राहिली. "तुमच्या ट्रेमध्ये वरच्या डाव्या दाढेचा चिमटा वेगळा. उजव्या दाढेचा वेगळा. मुळं काढायचा तिसराच. तिथे म्हणता का, एकाच चिमट्याने सगळं काढून कला दाखवतो? काढून बघा, पेशंट मारेल तुम्हाला."

डॉक्टरांनी हातातला घास ताटात ठेविला. पंचवीस वर्षे जे ज्ञान रोज दोन हातांनी वापरिले, ते मैदानावर नेण्याचे त्यांस सुचले नव्हते. कारण मैदानावर मनुष्य ज्ञान घेऊन जात नाही, अब्रू घेऊन जातो.

मग डॉक्टरांनी घाई करोन, दुकानी न जाता, चित्र पाहोनच चिपर मागविला, आणि तो आला, आणि तो हाती धरोन ते क्लबात दाखल जाहले. येथे पहिली शिकस्त. कप्तानांनी ते हत्यार उलटेपालटे करोन पाहिले, आणि त्यांचे सुजले गालावर हसू पसरले. त्या चिपरास दोन तोंडे होती, डावखुऱ्याने इकडून मारावे आणि उजव्याने तिकडून, ऐसी सोय. आणि नियम ऐसा की दोन तोंडे पटरास चालतात, चिपरास चालत नाहीत. कप्तान बोलिले, "डॉक्टर, आयुष्य तोंडात गेलं तुमचं, आणि तोंडं मोजता येईनात?" हे वाक्य तिसरे प्रहरपर्यंत गाड्यांचे तळापासून स्वयंपाकघरापर्यंत फिरले. डॉक्टर मागले दाराने परतले.

परंतु मराठी माणूस हट्टाला पेटला की नियमावली वाचितो. डॉक्टरांनी ती वाचिली, आणि मग दुकानी जाऊन एका तोंडाचा, गोल मुठीचा, सर्व कलमांत बसणारा चिपर घेतला. बॅगेत चौदाच काठ्या ठेवण्याचा दंडक. सबब एकीस रजा देणे प्राप्त. ज्या लांब काठीने डॉक्टर वाहवा मिळवीत, तीच त्यांनी घरी ठेविली. बाईसाहेबांनी तिने पडद्यावरची जळमटे काढिली. मग रोज सकाळी दवाखान्याचे मागले आवारात, रुग्ण नसल्यामुळे वेळ मुबलक, डॉक्टर चिपर घेऊन उभे राहत आणि चेंडू पायपुसण्याकडे घरंगळवीत. मनगटास काही करावयाचे उरलेच नाही, म्हणोन मनगट मुकाट राहिले.

रविवारी डॉक्टर नवा चिपर घेऊन क्लबात आले, कप्तानांनी हरकत घेतली, नियमावली उघडण्यात आली, आणि हरकत कायद्याने पडली. तेव्हा कप्तानांस मोठा त्वेष आला. त्यांनी समस्तांदेखत पैगाम दिला की, आम्ही व तुम्ही समोरासमोर खेळू, हरलात तर ही कुबडी जन्मात पुन्हा बॅगेत दिसू नये. डॉक्टरांनी जबाब दिला की कबूल, परंतु जिंकलो तर आपली दाढ माझ्या खुर्चीत, माझ्या हाताने निघेल. कप्तानांनी गाल चाचपिला. ऐसा प्रसंग की मागे हटावे तर भ्याले म्हणतील, आणि भ्याले होतेच.

"कबूल," ते म्हणाले. "तशी वेळच येत नाही."

मग उभयतां रणात उतरले, आणि मागे अवघा क्लब, ज्यात रद्द केलेल्या वेळांचे धनी पुष्कळ. कप्तानांनी दुर्बिणीतून अंतरे पाहिली, घड्याळास वारा पुसला, आणि डॉक्टर नुसते चालत राहिले. कोठे डॉक्टर एक होल जिंकोन पुढे, कोठे कप्तान; चिपर निघे तेव्हा मागोन कोणी बारीक खाकरे, कोणी "जपून हो, मनगट सांभाळा" म्हणे, आणि चेंडू मुकाट जाऊन होलाजवळ बसे. त्यात देखणे काहीच नव्हते. कपाट सरकवावे, तैसा तो फटका. परंतु खाकरणे हळूहळू थांबले. अखेरचे होलास दोघे बरोबरीत आले, आणि दोघांचेही चेंडू ग्रीनचे काठाशी पडले, आणि तेथे भूमी टणक, गवत विरळ.

कप्तानांचा चेंडू किंचित दूर, सबब पहिला मान त्यांचा. तेथोन साधी काठी घेऊन चेंडू घरंगळविता आला असता. त्यांची स्वतःची नातही तैसेच करती. परंतु पाहणारे फार होते. कप्तानांनी चारांतले सर्वांत तिरपे वेज काढिले, पाते उताणे केले, आणि बोलिले, "बघा. याला म्हणतात खेळ."

सर्वांनी पाहिले. वेज टणक भुईवर आपटोन उसळले, धार चेंडूचे माथी बसली, आणि चेंडू सणसणत ग्रीन ओलांडोन पलीकडील वाळूत गडप जाहला. हा हुबेहूब डॉक्टरांचा जुना फटका होता. कोणी हसले नाही. सर्वांनी अदबीने आकाश पाहिले, आणि ज्या मनुष्यापायी आकाश पाहिले जाते तो आता आपण आहोत, हे कप्तानांस उमगले.

मग डॉक्टर पुढे जाहले. घाम चष्म्यावर उतरला. त्यांस चेंडू दिसेना. दिसली ती रिकामी बाहेरली खोली, आणि काचेशी आलेले मासे. मग त्यांनी चिपर धरिला, जैसा दाढेस चिमटा धरितात, न घाई न जोर, आणि ढकलिला. चेंडू वीतभर उचलला, ग्रीनवर टेकला, आणि घरंगळत, घरंगळत, आणि आणखी घरंगळत होलापासोन हातभर अंतरावर थांबला. एवढेच. न तोफ, न नौबत. परंतु मागे उभ्या न्यायाधीशांनी पत्नीस हळूच म्हटले, "हात हलला नाही बघ अजिबात," आणि तो निकाल गर्दीत पसरला.

कप्तानांनी वाळूतून चेंडू काढिला तो होलापुढे दूर गेला, आणि परत आणिला तोही चुकला. हातभर अंतराचा चेंडू प्रतिपक्षास बक्षीस द्यावा, हा सभ्यांचा रिवाज. कप्तानांनी तो पाळिला नाही. "टाका की," म्हणाले. डॉक्टरांनी टाकला. चेंडू होलाचे काठावर थबकला, आणि विचार करोन आत पडला. फत्ते जाहली.

दुसरे दिवशी दवाखान्याचा फोन वाजू लागला. परगावी गेलेले परतले, थांबलेली दुखणी उठली, न्यायाधीशांची तडजोड मोडली. बाईसाहेब सर्वांस म्हणत, "गर्दी फार आहे हो, थांबावं लागेल," आणि ते वाक्य म्हणताना त्यांचे मुखावर जे तेज येई ते विजयी फौजेतही क्वचित दिसते. क्लबात मासाभरात घरोघरी चिपर जाहले. कोणी त्यांस चिपर म्हणत नाही, आणि ते बॅगेत टॉवेलाखाली असतात.

आणि बुधवारी कप्तान दवाखान्यात दाखल जाहले. सोबत बाईसाहेबांची ताई, ते पळतील म्हणोन. खुर्चीत पडोन त्यांनी ट्रेमधील हत्यारांची रांग पाहिली आणि चेहरा उतरला.

"एवढी सगळी कशाला?" ते म्हणाले.

"प्रत्येकीचं काम वेगळं, साडूभाऊ. हवं तर सगळी ठेवतो बाजूला आणि कलेने काढतो."

"नको नको. जे काय नेमकं असेल तेच वापरा."

डॉक्टरांनी सुई दिली, गाल बधिर जाहला, तोंडात कापूस भरला. दाढ मुळासकट, एका तुकड्यात, हात न हलता बाहेर आली. परंतु डॉक्टरांनी कापूस लगेच काढिला नाही. रक्त थांबले पाहिजे म्हणाले, दाबून धरा म्हणाले, बोलू नका म्हणाले. मग स्टूल पुढे ओढोन बसले आणि अखेरच्या होलाची चिप सांगू लागले, भूमी कैसी होती, गवत कैसे होते, मनात काय आले, हात कैसा राहिला. आणि सांगोन जाहले तेव्हा पुन्हा आरंभापासून. कप्तानांनी एकदा डोळे वटारिले आणि घशातून काही आवाज काढिला. तो आवाज दाद म्हणोन धरण्यात आला.

येणेप्रमाणे चिपरचा हक्क ग्रीनच्या काठावर कायम जाहला, थोरल्या साडूंची वरची डावी दाढ सर जाहली, आणि दवाखाना पूर्ववत नांदता जाहला. सदर हकीकत डॉक्टरांचे तोंडून ऐकोन लिहिली असे. प्रतिपक्षाचे म्हणणे पुसले होते. परंतु ते समयी त्यांचे तोंडात कापूस होता, सबब ते दाखल करता आले नाही.