इस्पितळाच्या चढावरचं शंभर टक्के यश

विज्ञान निःस्वार्थ असतं. रस्त्यावर बर्फ धरला नाही तर मुख्य रसायनतज्ज्ञांना फक्त विभागप्रमुखपद, हीटरजवळची खोली आणि दारावर पितळी पाटी, एवढंच मिळणार होतं. (पाटी कोरून तयार होती, खिळे यायचे होते.)

त्यांनी डांबरात मिसळायची एक करडी पूड शोधली होती. प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये या डांबरावरचा बर्फ नखाने टचकन सुटे. प्रत्यक्ष चाचणीसाठी इस्पितळाचा चढ निवडण्यात आला. (पडणाऱ्यांची गैरसोय नको, ही दूरदृष्टी.)

पद्धत निर्दोष होती. मोजणी पथकाने रोज सकाळी गाडीने चढावर जायचं, बर्फ मोजायचा, तक्ता भरायचा. पथकाच्या जिवाची काळजी म्हणून नियम क्रमांक चार: चढ निसरडा असल्यास गाडी वर नेऊ नये, रकान्यात 'निरीक्षण नाही' असं लिहावं. हिवाळ्यात असे एकोणीस दिवस निघाले. उरलेल्या एकेचाळीस दिवसांत बर्फ शून्य. यश शंभर टक्के.

मग चढावर वाळू टाकणारी गाडी कशाला हवी? ती बंद झाली. गाडीवरचे फावडेमामा टोपी काढून रसायनतज्ज्ञ साहेबांसमोर उभे राहिले.

"साहेब, पथक येत नाही ना, त्या दिवशी एकदा या की वर."

"मामा, त्या दिवशी कसं येणार? चढ निसरडा असतो!"

"मी तरी दुसरं काय म्हणतोय? ते एकोणीस दिवस मीच वाळू टाकली, म्हणून माणसं उभी राहिली."

"तक्त्यात वाळूला रकाना नाही."

"माझी सून वर नर्स आहे हो. रोज पायी चढते."

"मग तिला सांगा, बिनघोर चढ म्हणावं. एकेचाळीस दिवसांत एकदासुद्धा बर्फ नाही!"

खिळे आले. पाटी लागली.

पुढच्या हिवाळ्यात त्या चढावर अठ्ठावीस मनगटं, नऊ खुबे आणि मामांच्या सुनेचा डावा घोटा मोडला. इस्पितळाच्या फॉर्मवर 'अपघाताचे कारण' असा रकाना असतो. बहुतेकांनी लिहिलं, 'बूट गुळगुळीत होते.' काहींनी, 'लक्ष नव्हतं.' सुनेने लिहिलं, 'ड्यूटीची घाई.' रस्त्याचं नाव एकानेही घेतलं नाही, त्यामुळे पुडीविषयी तक्रारी शून्य.

हसू नका. तुम्हीही पडलात की आधी कोणी पाहिलं का ते बघता आणि मग कपडे झटकत स्वतःच्याच बुटांना शिव्या घालता. या समंजसपणाची दखल घेऊन पूड आता तुमच्या गल्लीत टाकायचं मंजूर झालं आहे. अहवालात 'लोकसहभाग' या शीर्षकाखाली सध्या अडतीस जण आहेत. खाली जागा सोडली आहे.