तीनदा दिलेले आवतन

रविवार, दिनांक २ फेब्रुवारी २०२५, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. बार्शीटाकळीच्या शेतात निखाऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांच्या पंगतीला अपेक्षित माणसे चाळीस होती. आली होती एकशे पाच, आणि बांधावरून आणखी एक ट्रॅक्टर वळत होता.

आयटीआयचे निवृत्त निदेशक खुशालराव यांच्या मेंदूतील गाठीवर अमरावतीला रेडिएशन झाले होते. गाठ गेली, मात्र ताजी गोष्ट डोक्यात टिकेनाशी झाली. डॉक्टरांनी तशी कल्पना आधीच दिली होती. त्या दिवसांत ज्या चाळीस घरांनी डबे पोचवले, गाड्या दिल्या, त्या प्रत्येक घरातील एकाला जेवू घालण्याचा नवस पत्नी मैनाबाईंनी अमरावतीच्याच देवीला केला होता. आवतने मुलगा अमोल देणार होता. पण खुशालराव अडून बसले.

"गाठ गेली, डोकं नाही गेलं. फोन मीच करतो."

"अन् चुकलं तं, बाबा?"

"चुकलं तं हा फोन तुयाच खिशात."

ट्रॅक्टरमधून शेजारचे शेषराव सहकुटुंब उतरले. नऊ जण.

"भाऊजी, सारं घर आनलं?" मैनाबाईंचा आवाज चिरकला.

"वहिनी, पयला फोन आला तवा मी एकटाच येनार होतो. मंग दुसरा आला, मंग तिसरा. इतका आग्रह म्हनजे चूलबंद आवतनच की! आज घरी चूलच नाही पेटवली."

चाळीसही घरांनी हाच अर्थ काढला होता. आपण तीनदा फोन केले, हे खुशालरावांना आत्ता कळत होते. अमोलने फोनसाठी हात पुढे केला.

"नवसाच्या पंगतीतून मानसं उपाशी जातीन आता!" म्हणत मैनाबाई गोवऱ्यांच्या आराकडे धावल्या. आचारी संघपाल राख झटकत होता.

"ऐंशीच रोडगे लावले ना रे?"

"दोनशे चाळीस, काकू. भाजीबी तिप्पट."

"कावून?"

"काकाजीचा तीनदा फोन आला, दर बारीले ऐंशी. मले वाटलं, मानूस वाचला, खुशीत वाढवून राह्यला."

खुशालराव ताठ झाले. "पाह्य, अमोल, चूक सगळीकडं सारखी केली, म्हनून माप जुळलं."

अमोलने हात मागे घेतला. मैनाबाईंनी डोळे पुसून अमरावतीच्या दिशेने हात जोडले.

हात धुताना शेषराव म्हणाले, "भाऊ, पुढच्या बारीले एकच फोन करजा. तरी सारेच येऊ."

जेवलेले पाहुणे एकशे चौदा. उपाशी गेलेले शून्य.