पैकीच्या पैकी स्वावलंबन

बालगृहातली मुलगी अठरा वर्षांची झाली की ती सज्ञान होते आणि त्याच दिवशी तिने बालगृह सोडायचं, असा नियम आहे. नियमात खोट काढण्यासारखं काही नाही. सोडून जायचं कुठे, एवढंच त्यात लिहायचं राहिलं होतं. ही त्रुटी दूर करण्यासाठी 'स्वतंत्र जीवन सज्जता समिती' स्थापन झाली, आणि सुसंस्कृत नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून मला तिच्यावर घेण्यात आलं. वाटपासाठी समितीच्या ताब्यात अकरा खोल्या होत्या.

पहिल्याच बैठकीत एक गंभीर मुद्दा निघाला. खोली दिली आणि राहणाऱ्याला एकट्याने राहताच आलं नाही, तर खोलीचं काय होणार? तेव्हा आधी चाचणी घ्यायचं ठरलं. त्यासाठी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक नमुना खोली उभारण्यात आली. तीत खाट, शेगडी, नळ आणि खिडकी होती. खिडकी भिंतीवर रंगवलेली होती, कारण पलीकडे आवक-जावक विभाग बसत असे. उमेदवाराने तिथे सात कार्यालयीन दिवस, दहा ते सहा, कुणाचीही मदत न घेता राहून दाखवायचं होतं.

पहिली उमेदवार एक मुलगी होती. अठरा पूर्ण व्हायला तिला थोडेच दिवस उरले होते. प्रत्येक गोष्टीला "का?" विचारते म्हणून बालगृहात सगळे तिला वकीलबाई म्हणत. एका बेकरीत ती कामाला होती. तिथून सात दिवसांची बिनपगारी रजा घेऊन ती स्वतःच्या पायावर उभी राहायला आली.

"साहेब, सहानंतर कुठे राहायचं?" तिने विचारलं.

"सहानंतर बालगृहात जा की. कार्यालय सुटल्यावर तुझ्या स्वावलंबनाशी आमचा संबंध नाही," परीक्षक साहेब म्हणाले.

साहेब तसे प्रेमळ गृहस्थ. रोज एक वाजता त्यांच्या सौभाग्यवतींचा फोन येई. "हो गं. वरच्या डब्यातलं आधी. हो, गार झालं असलं तरी खातो," असं सांगून ते फोन ठेवत आणि पेन उघडत. "हं, कुठे होतो आपण? निर्णयक्षमता."

पहिल्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. शिपाईमामांनी कीव येऊन एक बादली आणून दिली. 'परावलंबन' या सदराखाली पाच गुण कापले गेले. दुसऱ्या दिवशी तिने बेकरीतून पान्हा आणला आणि नळ दुरुस्त केला. 'शासकीय मालमत्तेत हस्तक्षेप', आणखी पाच गेले. तिसऱ्या दिवशी नळ पुन्हा बिघडला, तेव्हा ती खाटेवर बसून नुसती त्याच्याकडे बघत राहिली. त्या दिवशी पैकीच्या पैकी मिळाले.

"बघ, जमतंय की तुला," साहेब कौतुकाने म्हणाले.

उरलेले दिवसही ती तशीच बसली. शेवटी शंभरात नव्वद गुण पडले. निकालाच्या बैठकीला बालगृहाच्या गृहमाता मुद्दाम आल्या होत्या. "सगळं एकटीने करते हो पोरगी. आमच्या थोरल्याला अजून स्वतःची गादी गुंडाळता येत नाही," त्या म्हणाल्या.

"तीच तर अडचण आहे," साहेबांनी चष्मा पुसला. "नव्वद गुण, म्हणजे हिला मदतीची गरज नाही. आणि खोल्या आहेत गरजूंसाठी."

"मी नापास झाले असते तर?" वकीलबाईने विचारलं.

"तर खोली सांभाळता येत नाही म्हणून दिली नसती. तुझ्या एकटीवर अन्याय झालाय असं काही मनात आणू नकोस."

"मग त्या अकरा खोल्या कुणाला मिळणार?"

"त्यांची काळजी तू करू नकोस. त्या कुलूपबंद आहेत."

माझं रक्त उसळलं. मी जागच्या जागी उभा राहिलो, हा शुद्ध निर्दयपणा आहे असं बजावलं आणि माझा विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावला. तो सुवाच्य अक्षरात नोंदवण्यात आला. तेवढ्यात वकीलबाई माझ्याकडे वळली.

"काका, तुमच्या फाटकावर पाटी आहे, वरची खोली भाड्याने देणे आहे म्हणून. बेकरीत जाता-येता मी रोज वाचते."

सगळी समिती माझ्याकडे पाहू लागली.

"अगं, तुला नाही कोण म्हणतंय? पण वर पाणी नीट चढत नाही."

"बघते की मी. नळाचं काम येतं मला."

"तसं नव्हे गं. बरोबर घरचं कुणी असलं, म्हणजे आई, मामा, आत्या, तर कसं बोलायला बरं पडतं."

"घरचं कुणी असतं तर मी इथे कशाला आले असते?"

हे वाक्य इतिवृत्तात घेतलेलं नाही.

पाटी मी त्याच संध्याकाळी काढली. रोज वाचून पोरीला उगाच वाईट वाटायला नको. तिला बालगृह सोडायला आता चार दिवस उरले आहेत, आणि मी काही हात झटकून मोकळा होणाऱ्यांतला नाही. इथवर वाचताना तुम्ही साहेबांना हसलात, मला मनातल्या मनात दोन शब्द सुनावलेत, तेव्हाच मी ओळखलं की तुम्ही चांगली माणसं आहात. शिवाय तुमच्याकडे ती मागची खोली आहेच, जिच्यात सध्या व्यायामाची सायकल आणि पाहुण्यांच्या गाद्या राहतात. म्हणून मी तिला तुमचा पत्ता दिला आहे. उद्या दहा वाजता ती येईल. नकाराचं कारण आजच शोधून ठेवा. पाण्याचं मी वापरून टाकलं आहे.