जावई जीपखाली

सासऱ्यांची जुनी जीप घरघरायला लागली तेव्हा मेकॅनिकने खाली डोकावून सांगितलं की ट्रान्सफर केस गेली, काढावी लागेल. इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी ही लोखंडी पेटी, चांगली वजनदार. पण जावई शेजारीच उभा होता. "त्यात काय, मी काढून देतो," असं तो बोलून गेला, आणि सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. मग माघार कसली घेतोय!

बायकोने आठवण करून दिली की त्याने दुरुस्त केल्यापासून घरातला पंखा उलटा फिरतो. त्याने ते कानाआड केलं. सासूबाईंनी फोनवर बहिणीला सांगितलं, जावई आज केस काढतायत. बहिणीने विचारलं, कुठल्या सलूनमध्ये?

सासऱ्यांनी चाकांपुढे दगड लावले होते. खाली सरपटताना ते कोपराला टोचत, म्हणून जावयाने ते भिरकावून दिले. हँडब्रेक ओढलाय, गिअर टाकलाय, दगड हवेत कशाला, असं त्याने सासऱ्यांना समजावलं. सासरे नुसते बघत, आणि तेच जावयाला जड जाई.

काम मात्र झकास चाललं. तेल टबात उतरलं, केसकडून चाकांकडे जाणारे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे फिरते दांडे, सुटले. बोल्ट निघत गेले तसा त्याचा आवाज चढत गेला. प्रत्येक बोल्टची बातमी खालून वर येत होती. सासूबाईंनी एक जुनी गादी आत सरकवून दिली. तिच्यावर त्याने केस अशी अलगद टेकवली जणू बाळ झोपवतोय, आणि शेजारीच उताणा पसरला.

"निघाली!"

सासऱ्यांना इतका आनंद झाला की त्यांनी जीपच्या पाठीवर थाप मारली.

आता गंमत अशी की या जीपचा हँडब्रेक चाकांना धरायचाच नाही. तो धरायचा त्या केसच्या मागच्या तोंडाला, आणि केस तर गादीवर पहुडलेली. गिअरचं आणि चाकांचंही नातं तुटलेलं. अंगण फाटकाकडे जरासं उतरतं. जीप निघाली. जावयाला वाटलं, छप्परच सरकतंय. मागचा एक्सल त्याच्या नाकावरून गेला आणि एकदम लख्ख आभाळ दिसलं. जीप उघड्या फाटकातून शांतपणे बाहेर पडली, रिकामा रस्ता ओलांडून समोरच्यांच्या झुडपांत घुसली आणि थांबली.

बायको धावत आली, हातपाय चाचपून पाहिले. सगळं जागेवर होतं. मग सासरे आले. गादीवरची केस, तेलाने काळा झालेला जावई, दूर झुडपांतून डोकावणारी जीप, सगळं त्यांनी सावकाश पाहून घेतलं.

"जावईबापू, गाडीखालून केस काढायची होती. तुम्ही केसवरून गाडी काढलीत."

जावयाने पडल्या पडल्या केसवर हात ठेवला.

"पण निघाली ना?"