खोकल्याचा खर्च

मुळे डॉक्टर पहिल्या भेटीत माणसाचं नाव विचारत नसत, त्याचे श्वास मोजत. कुवेतमधल्या आमच्या मंडळाच्या तिळगुळाला मी त्यांच्याशी घरभाड्यावरून तावातावाने बोलत होतो, आणि हा गृहस्थ एकदा माझ्या पोटाकडे, एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "तुम्ही मिनिटाला बावीस श्वास घ्यायलात. जिना चढून आलात, का नेहमीच असं?" डॉक्टर भेटले म्हणून माझ्या बायकोने लगेच आपल्या गुडघ्याची तक्रार सांगायला घेतली. ती त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि मग सांगितलं, की ते जनावरांचे डॉक्टर आहेत.

मूळचे परभणीचे. इथे शहराबाहेर एका कंपनीचे मोठे गोठे होते. परदेशातून बोटीने खोंड यायचे, तीन-चार महिने खाऊन-पिऊन वजन धरायचे आणि मग मांसासाठी जायचे. मुळे स्वतः अंड्याच्या केकलाही हात लावत नसत. मंडळात यावरून त्यांची यथेच्छ चेष्टा चाले. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांचा संताप राखून ठेवलेला होता तो एकाच माणसासाठी, त्यांच्या मुदीरसाठी. मुदीर म्हणजे तिथला मॅनेजर.

भांडण साधं होतं. बोटीवरून उतरलेले खोंड दमलेले, वरून धूळ आणि ऊन. त्यांना चार दिवस सावलीत, पाण्यापाशी वेगळं ठेवा, असं मुळ्यांचं म्हणणं. मुदीर त्याच दिवशी त्यांना जुन्या जनावरांत कोंबायचा, कारण रिकामी जागा त्याच्या डोळ्यांत खुपायची. मग आठवड्यात गोठाभर खोकला. मुळे तक्रार घेऊन गेले, की मुदीर विचारायचा, मेले किती? दोन, म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "माफी मुश्किल." काही अडचण नाही.

"मेलेलं दिसतं हो," मुळे आमच्या सोफ्यावर बसून कडाडायचे, "खोकलेलं दिसत नाही!"

आमच्या सोफ्यावर, कारण त्यांच्या ओळखीत घरी कॉम्प्युटर असलेला मी एकटाच. दर बोटीनंतरच्या शुक्रवारी ते रिग्गईला आमच्याकडे येत आणि माझ्याकडून इंग्रजीत अहवाल टाइप करून घेत. खोकणारा खोंड चारा खातो पण अंगी लावत नाही, त्याचा खर्च. औषधाचा खर्च. सुया टोचायला धरणाऱ्या माणसांचा खर्च. वजन भरेना म्हणून जास्त ठेवावं लागतं, त्या आठवड्यांचा खर्च. अहमदीच्या ऑफिसात आठवडाभर अहवाल लिहून कंटाळलेला मी सुट्टीच्या दिवशी बैलांच्या छातीवर पानंच्या पानं लिहीत होतो. अहवाल जायचा आणि न उलगडता परत यायचा. पुढच्या बोटीला मुळे पुन्हा हजर.

मधेच आमच्या फोनवरून कार्डाचा नंबर दाबून ते परभणीला घरी फोन करीत. तिकडून त्यांची बायको काही बोलू लागली की म्हणत, "थांब, आधी जरा गप्प राहा. श्वास ऐकू दे." ती बिचारी गप्प राहायची. महागाच्या कार्डाची दोन मिनिटं अशी जायची.

एका उन्हाळ्यात मात्र माझं डोकं फिरलं. धुळीचं वादळ उठलं होतं, बोट त्यातच लागली होती, आणि मुळे पुन्हा कागदांचं भेंडोळं घेऊन दारात. टाइप करता करता मी थांबलो आणि नको ते बोललो. म्हटलं, डॉक्टर, तीन महिन्यांनी त्यांच्या मानेवर सुरीच फिरायची आहे ना? मग त्या मुदीरचं मांस किलोभर कमी भरलं, तर तुमचा का जीव जातो?

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मुळे ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत.

"त्यांना दम लागतो हो," ते म्हणाले. "मान लांब करून, तोंड उघडं टाकून उभे राहतात. बसत नाहीत. बसलं की श्वास कोंडतो, म्हणून दोन-दोन दिवस उभे. हे लिहिलं तर वाचणार आहे का तो? पैशाचं लिहिलं तर निदान उघडून तरी बघंल."

इतकी वर्षं मी त्यांना हिशेबी समजत होतो. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. त्या रागात मी तो अहवाल पुसला आणि नव्याने लिहिला. एकच पान. पहिल्याच ओळीत, मेलेल्या दोन खोंडांपेक्षा जगलेल्या खोकणाऱ्यांनी तुमचं किती बुडवलं, ते मुळ्यांचेच आकडे ठळक करून. दमाबद्दल एक अक्षर नाही.

पुढच्या बोटीनंतर मुळे आले ते हातात कागद न घेता. मुदीरने चार नाही, पण दोन दिवस दिले होते. वरच्या साहेबांकडे ती खर्च वाचवण्याची स्वतःचीच कल्पना म्हणून पाठवली होती, आणि मुळ्यांचं नाव कुठेच नव्हतं. ऐकून माझा तिळपापड झाला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता तक्रार लिहू, बसा.

ते बसले. घड्याळाकडे न बघता समोरचे पोहे संपवले.

"जाऊ द्या साहेब," ते म्हणाले. "सकाळी बघून आलो. सावलीत बसलेत. निम्मे तर रवंथ करायलेत."