आप्पा गावावर बसले

मंगळवारी संध्याकाळी पावणेसहा वाजता आप्पा सोफ्यावर टेकले आणि त्यांच्याखाली बाराव्या शतकातलं एक चर्च मोडलं.

आवाज फार मोठा झाला नाही. वाळकी काटकी मोडावी तसा झाला. आप्पांना वाटलं, आपलंच हाड मोडलं. म्हणून ते हलले नाहीत. बाहेर, अमेरिकेतल्या श्रूजबरीत, आठवडाभर बर्फ पडत होता आणि घरात अंधार होता. मुलाची नोकरी गेलेली असताना दिवे लावत सुटायचं नाही, असं आप्पांनी ठरवलं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

सून चैत्राली आत आली आणि तिनं दिवा लावला.

"आप्पा, उठू नका!" ती ओरडली. मग नीट बघून म्हणाली, "नाही, उठा. आता काय, उठाच."

आप्पा उठले. पांढऱ्या चादरीखाली त्यांना वाळलेल्या कपड्यांचा ढीग वाटला होता. तिथं मोंव्हेरो नावाचं गाव होतं. फ्रान्सच्या डोंगरातलं, दोनशे अकरा वस्तीचं. एक चर्च, एक कबुतरखाना आणि कौलारू छपराखाली बायकांचा धुणं धुण्याचा दगडी हौद, एवढ्या तीन जुन्या इमारती. चैत्राली जुन्या इमारतींचं जतन शिकत होती आणि या गावावर तिचा प्रबंध होता. हलक्या लाकडाच्या पट्ट्या कापून तिनं चार महिने ते मॉडेल केलं होतं. आता कबुतरखाना तेवढा उभा होता.

मुलगा सत्यजित लॅपटॉपवरून उठून आला. त्यानं चादरीखाली बघितलं आणि चादर परत टाकली.

"शुक्रवारी रिव्ह्यू आहे ना तुझा?"

"शुक्रवारी दहाला."

"एक्स्टेन्शन माग ना यार."

"घेतलंय एकदा. आई गेल्या तेव्हा. दुसरं देत नाहीत."

सत्यजितची नोकरी जाऊन एकेचाळीस दिवस झाले होते. साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही, तर दोघांना चैत्रालीच्या विद्यार्थी व्हिसावर राहावं लागणार होतं. त्या व्हिसाचा जीव रिव्ह्यूत होता. म्हणजे सगळा संसार त्या गावावर उभा होता, आणि गावावर आप्पा बसले होते.

आप्पांनी चादर उचलली. ते पन्नास वर्षं गवंडीकाम केलेले मिस्त्री. सांगोल्याच्या बाजूला त्यांच्या हातच्या विहिरी होत्या, देवळं होती, एक पूल होता. कशावरही त्यांचं नाव नव्हतं. कोनशिलेवर मंत्र्याचं नाव येतं, सरपंचाचं येतं, ठेकेदाराचंही येतं. बावन्नाव्या वर्षी प्रौढ साक्षरता वर्गात बसून आप्पा वाचायला शिकले, तेव्हा ते आपल्याच कामांवरच्या सगळ्या कोनशिला वाचून आले होते.

"शुक्रवारला किती दिस हायेत?" त्यांनी विचारलं.

"दोन, आप्पा."

"मग हुतंय की. दोन दिसांत बांधून देतो."

"आप्पा, हे लाकडाचं होतं."

"तितंच चुकलं. दगडाचं गाव लाकडात कशापायी करायचं? फोटू दाव."

चैत्रालीनं फोटो दाखवले. ती काही त्यांच्यावर विश्वास ठेवून दाखवत नव्हती. तिच्याकडे दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. आप्पा फोटो डोळ्यांजवळ धरून बघत राहिले.

"मनोरा वाकडा हाय ह्यो."

"हो. डावीकडे दीड अंश. तसाच हवा."

"वाकडं बांधाय हात वळत न्हाई माझा. आन् ह्या भिंती खालनं झडल्यात."

"त्यावरच तर प्रबंध आहे माझा. का झडतायत ते."

"लोणा," आप्पा म्हणाले. "भितीतनं पांढरं पीठ फुटतं, मग दगूड झडतो. मिस्त्री चुकला की लोणा. किती पानं लिवलीस?"

"एकशे चाळीस."

आप्पांना वाईट वाटलं. "आमच्या गावात श्रीरंग मिस्त्रीनं शाळा बांधली. पाच वर्सांत लोणा. म्या चार माणसांत इचारलं, 'श्रीरंग, खाली पांढरं काय फुटलंय रं?' वीस वर्सं झाली, अजून बोलत न्हाई माझ्याशी."

बुधवारी सकाळी सामानाची जमवाजमव सुरू झाली. दगड सत्यजितनं इमारतीमागच्या बर्फात हात घालून काढले. चुना आप्पांच्या पिशवीत होता. तंबाखूला लावायचा, चौदा ट्यूबा. तेवढ्यानं हौदसुद्धा झाला नसता, म्हणून सत्यजित तीन इंडियन स्टोअर्स फिरून एकसष्ट ट्यूबा घेऊन आला. एका दुकानातल्या मुलीनं त्याला एका संस्थेचा फोन नंबर दिला. तिथं व्यसन सोडवतात म्हणे.

राहिली वाळू. जिन्याखाली एक निळं पिंप होतं. बर्फ पडला की इमारतीचा माणूस त्यातली वाळू पायऱ्यांवर टाकायचा. सत्यजितनं दोन बादल्या वर आणल्या. आप्पांनी वाळू बोटांत चोळली. खरखरीत होती. मग नेहमीच्या सवयीनं चिमूटभर जिभेवर ठेवली. खारी वाळू लागली, तर ते ट्रक परत पाठवायचे. त्यांनी जरा वेळ थांबून मान डोलावली.

पण तंबाखूनं ती जीभ कधीच मेली होती. दोन वर्षं त्यांना चहात साखर आहे की नाही तेही कळत नव्हतं. हेही त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

काम सुरू झालं. आप्पा स्वयंपाकघरात फतकल मारून बसले आणि हातोडीनं दगड फोडून बोराएवढे, हरभऱ्याएवढे चिरे पाडू लागले. तासाभरानं दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या यामिनीकाकू नागपूरच्या होत्या आणि तक्रार करायची तर नीट उभं राहून करायच्या.

"काय करून राहिले हो तुम्ही? पाया खणता का वरच्या मजल्यावर? माझ्या पोह्यांत प्लास्टर पडलं!"

"चर्च बांधतोय काकू," सत्यजित म्हणाला.

काकूंनी आत डोकावून बघितलं. "सरळ सांगायचं नसेल तर नको सांगू," म्हणाल्या. पण गेल्या नाहीत. चहा घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी परत डोकावल्या आणि म्हणाल्या, "मनोरा छान सरळ आला हो भाऊजी." तेवढं एक कौतुक आप्पांना त्या सबंध हिवाळ्यात मिळालं.

बुधवारी दुपारनंतर आप्पा कमानीला बसले. कमान नाजूक होती. नजर कामावरून न काढता त्यांनी डावा हात मागे केला आणि तळवा उघडला. चाळीस वर्षं त्या हातात बायको घमेल्यातून कालवलेला चुना ठेवत आली होती. हात तसाच राहिला. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते हात मागे घेऊ लागले, तेवढ्यात चैत्रालीनं चमचाभर चुना त्यावर ठेवला. आप्पांनी वळून बघितलं नाही. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, "पातळ झालाय. घट्ट कर जरा."

गुरुवारी दुपारी गाव उभं राहिलं. चर्च, हौद, छपराला खापरीचे तुकडे. चैत्राली वाकून बघत होती. मनोरा सरळ होता, तेवढं सोडलं तर तिच्या लाकडी गावापेक्षा हे गाव खरं होतं.

"आप्पा, वाळेल का उद्यापर्यंत?"

"चुना सावलीत म्हैनाभर वाळाय पाहिजे. पर म्हैना न्हाई आपल्यापाशी."

म्हणून गाव हीटरच्या तोंडाशी ठेवलं, धूळ बसू नये म्हणून वर तीच पांढरी चादर टाकली, आणि हीटर पूर्ण वाढवला. शुक्रवारी सकाळी चादर कुणीच काढली नाही. वेळ नव्हता. बॅगा तोलायच्या काट्याला अडकवून सत्यजितनं वजन मात्र बघितलं.

"त्रेचाळीस किलो. विमानाच्या दोन बॅगा होतील."

यामिनीकाकूंच्या भाजी आणायच्या चाकाच्या गाडीवर गाव जिन्यापर्यंत गेलं. जिन्यात गावाखालची फळी करकरली आणि वाकली. "डावीकडनं धर!" "डावीकडूनच धरलंय आप्पा!" "मग उजवीकडनं धर की!" असं करत ते कारमध्ये बसलं. सीटबेल्ट लावला. आप्पा शेजारी बसले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ते चादरीवर हात ठेवत होते.

विद्यापीठातल्या खोलीत चार परीक्षक होते. आप्पा आणि सत्यजित बाहेर बाकावर बसले. आप्पांनी कानटोपी काढली, परत घातली.

आत चैत्रालीनं चादर काढली. मनोरा डावीकडे कलला होता. फळी वाकली होती. त्याहून वाईट म्हणजे, चर्चच्या पायथ्याशी सगळीकडे पांढरं पीठ फुटलं होतं. हौदाच्या कडेवर पांढरी लव आली होती. दोन-तीन चिऱ्यांचा पापुद्रा सुटून खाली पडला होता. दोन दिवसांत त्या गावाला पन्नास वर्षांचा रोग झाला होता.

मुख्य प्राध्यापिका सत्तरीच्या होत्या आणि कधी हसत नसत. त्या उठल्या. चष्मा काढून मॉडेलपाशी वाकल्या. एक बोट भिंतीवरून फिरवलं आणि जिभेला लावलं.

"सॉल्ट," त्या म्हणाल्या.

चैत्रालीला निळं पिंप आठवलं. बर्फ वितळावा म्हणून वाळूत मीठ कालवतात, हे तिला माहीत होतं. इतकंच नाही, मोंव्हेरोच्या रस्त्यावर दर हिवाळ्यात टाकलेलं मीठ उडून भिंतींत मुरतं आणि भिंती झडतात, हाच तिच्या एकशे चाळीस पानांचा निष्कर्ष होता. ते तिनं सिद्ध केलं होतं, आणि ती बादली आपल्याच घरात येताना बघितली नव्हती.

प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, हे कसं साधलं? रस्त्याचंच मीठ का? आणि मनोऱ्याचा दीड अंशाचा कल इतका बरोबर कुणी दिला? फोटो दाखवणारे खूप येतात, म्हणाल्या, रोगच टेबलावर आणून ठेवणारं आजवर कुणी आलं नाही.

चैत्रालीनं खरं तेवढं सांगितलं. "माझ्या सासऱ्यांनी केलंय. ते मेसन आहेत. बाहेर बसलेत."

आप्पांना आत बोलावलं. ते दारात आले आणि चौघं परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आप्पांसाठी आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्यांनी घाईनं कानटोपी काढली.

"काय म्हणत्यात गं?"

चैत्राली अडखळली. "आप्पा, त्या म्हणतायत... लोणा फार सुंदर आलाय."

"काय आलाय?"

आप्पा पुढे गेले. वाकून बघितलं. पायथ्याचं पांढरं बघितलं, मनोरा बघितला. चिमूटभर पीठ बोटांत चोळलं. बाईंना वाटलं, म्हातारा भारावला.

"ह्ये माझं न्हाई," आप्पा म्हणाले. "त्यांना सांग. पन्नास वर्सांत माझ्या एका भितीला लोणा न्हाई. ह्ये दुसऱ्या कुणाचं तरी हाय."

"काय म्हणतायत ते?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"फार आनंद झाला म्हणतायत," चैत्राली म्हणाली.

रिव्ह्यू पास झाला, पुढच्या वर्षाची फेलोशिप पक्की झाली आणि घराचा श्वास मोकळा झाला. सत्यजितनं येताना मिठाई घेतली. आप्पांनी ती खाल्ली. गोड आहे का, कुणी विचारलं नाही; वाळूचं मीठ ह्यांना कसं कळलं नाही, हेही कुणी विचारलं नाही.

आठवड्यानं विभागाच्या दालनात काचेच्या पेटीत गाव ठेवलं गेलं. चैत्रालीनं आग्रह धरून खाली पितळी पट्टीवर मराठीतही आप्पांचं नाव घालून घेतलं. तिनं आणलेला फोटो आप्पांनी एकेक अक्षर लावत वाचला.

"कृ-ष्णा... मिस्त्री." ते थांबले. "काढाय येतंय का ह्ये?"

"कोरलंय आप्पा."

"जल्मात एकदा नाव लागलं, ते लोणा आलेल्या भितीवर," आप्पा म्हणाले. "गावाकडं बोलू नगा कुणाला."

सत्यजितनं मान खाली घातली. फोटो त्यानं सकाळीच गावाच्या ग्रुपवर टाकला होता. 'आमच्या आप्पांचं काम, अमेरिकेच्या विद्यापीठात' असं लिहून. छत्तीस जणांनी हात जोडले होते. सरपंचानं हार पाठवला होता, चित्रातला.

संध्याकाळी फोन वाजला. बाहेर परत बर्फ सुरू झाला होता. आप्पा अंधारात सोफ्यावर बसले होते. बसण्याआधी त्यांनी हातानं चाचपून घेतलं होतं. सत्यजितनं फोन त्यांच्या हातात दिला. श्रीरंग मिस्त्रीचा निरोप होता, वीस वर्षांतला पहिला.

'कृष्णा, फोटू मोठा करून बघितला. मनोरा कललाय. आन् खाली पांढरं काय फुटलंय रं?'

आप्पांनी फोन खाली ठेवला.

"माझं मार्चचं तिकीट हाय न्हवं?"

"बावीस तारखेचं."

"यष्टी स्टँडवर यील बघ त्यो. हमखास यील. बाकी कोन येनार न्हवतं."

आप्पांनी गुडघ्यांवर हात टेकले. मग उठले, भिंत चाचपत बटणापर्यंत गेले, आणि निरोप पुन्हा एकदा नीट वाचता यावा म्हणून त्यांनी दिवा लावला.